एकोणीस पाटे, एकोणीस खिळे

निरोपाच्या कार्डावर सही करायला ज्याला पाऊण तास लागला, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्याच्या हाताखाली मी साडेतीन वर्षं काम केलं. आजही कुणी मला ‘काम कुठं शिकलात?’ असं विचारलं, की मी कंपनीचं नाव सांगत नाही, या माणसाचं सांगतो. इथं मात्र ते लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, आणि विचारल्याशिवाय आपलं नाव कुठं घातलेलं काकांना खपणार नाही.

तर ते कार्ड. आमचे वर्क्स मॅनेजर दुसरी नोकरी धरून बडोद्याला निघाले होते. ऑफिसातल्या मुलींनी भलंमोठं कार्ड आणलं, त्यावर सोनेरी शाईनं ‘आपले कुशल नेतृत्व आणि पितृतुल्य प्रेम आम्ही कधीही विसरणार नाही’ असं लिहिलं आणि ते शॉपभर फिरवलं. आम्ही सगळ्यांनी हात पुसत, चालत्या मशीनवरून नजर न काढता सह्या ठोकल्या. काका चष्मा लावून बसले. मजकूर दोनदा वाचला. मग कार्ड घेऊन ऑफिसात गेले आणि म्हणाले, “यातलं पितृतुल्य प्रेम कुणी पाहिलं?”

“अहो काका, असं लिहायची पद्धत असते,” टायपिस्ट म्हणाली.

“पद्धत असेल. मला चार रविवार कामावर बोलावलं त्यांनी, एकदा चहा विचारला नाही.”

शेवटी त्यांनी कार्डाच्या कोपऱ्यात स्वच्छ अक्षरात ‘साहेब रोज वेळेवर येत असत’ एवढं लिहिलं आणि त्याखाली सही केली. साहेबांनी म्हणे जाताना नेमकी तीच ओळ दोनदा वाचली. हे मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. काकांच्या हाताखाली राहिलेल्या माणसाला एवढा फरक सांगावाच लागतो.

आमची कंपनी महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत होती. पंपाचे सुटे भाग करायचो. काका इन्स्पेक्शन खात्याचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालचा एकुलता एक इन्स्पेक्टर, तोही तात्पुरता. दर सहा महिन्यांनी ब्रेक घ्यायचा, पुन्हा लागायचं आणि कायम होण्याची वाट बघायची. मशीनवरून आलेला प्रत्येक शाफ्ट, प्रत्येक बुश मी मोजायचो आणि रिपोर्टवर सही करायचो. मग काका तोच माल पुन्हा मोजायचे आणि माझ्या सहीखाली आपली करायचे. पन्नास नग असले तर पन्नास. माझा अपमान वगैरे व्हायचा सुरुवातीला, पण ते मालकाच्या मुलानं मोजलेलंही पुन्हा मोजायचे, हे कळल्यावर तो प्रश्न मिटला.

माणूस मूळचा महाडकडचा. बेताची उंची, काळ्या फ्रेमचा चष्मा, आणि शर्टाच्या खिशात व्हर्नियर. व्हर्नियर म्हणजे जाडी मोजायचं ते स्टीलचं अवजार. ते काकूंच्या जुन्या साडीच्या चिंधीत गुंडाळलेलं असायचं. रविवारी सकाळी पांढरे कपडे घालून कोपरखैरण्याच्या बुद्धविहारात जायचे, तिथंही ते खिशात असायचंच. झाडूवाल्या बाईंपासून मालकापर्यंत सगळ्यांना अहो-जाहो. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा, तरी मलाही ‘तुम्ही’.

कँटीनमध्ये वडा आला की आधी तो मोजायचे. “आज अठ्ठावन्न मिलिमीटर. काल चौसष्ट होता,” असं म्हणून मगच खायला घ्यायचे. आमच्याकडं महापे गावातलाच एक टर्नर होता, तो रोज न चुकता विचारायचा, “काका, वरा खावाचा हाय का मोजाचा हाय?” सगळे हसायचे. पण कँटीनवाला काकांचं ताट पुढं ठेवताना मोठा वडा शोधून ठेवायचा, आणि काका तो परत करून रांगेतला पुढचा घ्यायचे.

माझं पहिलं शिक्षण पहिल्याच आठवड्यात झालं. मी म्हणालो, “काका, या बुशचं आतलं भोक जरा मोठं वाटतंय.”

“वाटतंय ते घरी ठेवा. किती आहे?”

त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला होता. कुणीही काहीही सांगू लागलं, अमक्याच्या बायकोचं, तमक्या बिल्डिंगमधल्या भुताचं, की काका मान वर करून विचारायचे, “तुम्ही हजर होता का?” या एका प्रश्नानं त्यांनी किती गप्पांचा विचका केला असेल याला गणती नाही. काकू तर म्हणायच्या, “यांच्याकडं बातमी सांगायला जायचं म्हणजे कोर्टात उभं राहायचं.” कोपरखैरण्यात आम्ही दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहायचो, सकाळी बरोबर चालत निघायचो, त्यामुळं हे कोर्ट माझ्या वाट्याला जरा जास्तच आलं.

महाप्याच्या मागं डोंगराच्या पायथ्याशी तेव्हा एक पंथ राहायचा. आसपासचे लोक त्यांना ‘पाटेवाले’ म्हणत. त्यांचे बुवा पूर्वी कळंबोलीला ट्रकचे पाटे बसवायचं काम करत. ट्रकच्या चाकांवर त्या वाकड्या लोखंडी पट्ट्या असतात ना, एकावर एक, ते पाटे. एकदा तुटलेला पाटा फरशीवर पडला आणि त्याचा जो नाद उठला, त्यात बुवांना देव ऐकू आला, असं ते सांगत. मग त्यांच्यामागं माणसं जमली. मराठवाड्याकडची काही, काही घाटावरची. गाव आणि जात कुणी कुणाला सांगायची नाही असा त्यांचा नियम होता. दीक्षा घेतलेल्या प्रत्येकाचा एक पाटा. संध्याकाळी सगळे मिळून लाकडी मोगरीनं ते वाजवायचे. वाजवून झालं की पुसून पत्र्याच्या शेडमधल्या मागच्या भिंतीवर आपापल्या खिळ्याला दोरीनं बांधून टांगायचे, आणि गाठीवर ओली हळद लावायची. ती हळद दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मोडायची नाही. मोडली तर देवाची झोप मोडते, असं त्यांचं म्हणणं.

काकांचं आणि त्यांचं अजिबात पटत नव्हतं. पाट्याच्या नादानं कावीळ बरी होते असं पंथातली माणसं आमच्या गल्लीत सांगू लागली, तेव्हा काका तडक डोंगरापाशी गेले. मी बरोबर होतो. बुवांना म्हणाले, “कुणाची बरी झाली? नाव-पत्ता द्या, मी भेटून येतो.”

“श्रद्धा ठेवा,” बुवा म्हणाले.

“श्रद्धा मला मोजता येत नाही.”

तिथून आम्हाला जवळजवळ हाकललंच. जाता जाता काकांनी भिंतीवरच्या गाठी, हळद, खिळे सगळं बघून घेतलं, हळद कशाला म्हणून विचारलंसुद्धा. मग आठवडाभर ते गल्लीत दारोदार ‘कावीळ झाली तर दवाखान्यात जा’ असं सांगत फिरले. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं लोक म्हणाले की काका त्या पंथाचे छुपे भक्त होते.

ती जमीन सरकारनं रस्त्यासाठी घेतली होती. पंथाला नोटिसा गेल्या, ते हलले नाहीत. मग एके दिवशी पहाटे बुलडोझर आणि बंदोबस्त घेऊन सरकारी पथक तिथं गेलं. आम्ही कामावर पोचलो तोवर एवढंच कळलं होतं की गोळीबार झाला आणि माणसं मेली.

साडेनऊच्या सुमारास कंपनीच्या गेटवर पोलिसांची जीप आली. एक तरुण सबइन्स्पेक्टर उतरला. नव्या मॅनेजरला म्हणाला, “दोन पंच पाहिजेत साहेब. शिकलेले द्या.” पंच म्हणजे पोलिसांनी जागेवर जे पाहिलं, जे जप्त केलं, ते आपल्यासमोर झालं असं सही करून सांगणारे दोन त्रयस्थ. मॅनेजरनं आमच्याकडं बोट दाखवलं. “पाच मिनिटांचं काम आहे, टेन्शन घेऊ नका. सही करा आणि या.”

डोंगराच्या पायथ्याशी पाच जागी चादरी घातलेल्या होत्या. एकीखाली बुवा होते, हे त्यांच्या पायांतल्या टायरच्या चपलांवरून मी ओळखलं. रस्त्याकडं निळ्या गाडीत पकडलेली माणसं बसवली होती, आतून एका बाईचा रडण्याचा आवाज येत होता. काका प्रत्येक चादरीपाशी थांबले, हात जोडले आणि पुढं गेले.

आम्ही शेडमध्ये शिरलो तेव्हा सगळे पाटे भिंतीवर होते. एकोणीस पाटे, एकोणीस खिळे, प्रत्येक गाठीवर वाळलेली हळद. एक हवालदार ब्लेड घेऊन पहिली दोरी कापत होता. खाली गोणपाट अंथरलं होतं. पाटा त्यावर पडला आणि दबका आवाज झाला.

“थांबा,” काका म्हणाले. “आधी मला मोजू द्या.”

हवालदाराला वाटलं, कंपनीतला माणूस आहे, काही शास्त्र असेल. तो बाजूला झाला. काकांनी खिशातून चिंधी काढली, ती उलगडली आणि एकेक पाट्याची कडा व्हर्नियरमध्ये धरली. आठ मिलिमीटर. आठ. साडेसात. आठ. पुढच्या बाजूनं, मागच्या बाजूनं. मी वहीत आकडे टिपत होतो, सवयीनं. बाहेर पाच माणसं पडली होती आणि आम्ही दोघं इन्स्पेक्शन करत होतो. सबइन्स्पेक्टर आत आला आणि भडकला. “अहो काका, काय चाललंय? तुम्ही पंच आहात, इंजिनिअर नाही!”

“पंच म्हणजे बघणारा ना? बघतोय.”

पंचनामा जीपच्या बॉनेटवर लिहून तयार होता. काकांनी चष्मा लावला. त्यात लिहिलं होतं, की जमावानं धारदार लोखंडी हत्यारांनी पोलिसांवर हल्ला केला आणि अशी एकोणीस हत्यारे जमावाच्या हातांतून व मृतांच्या शेजारून हस्तगत करण्यात आली. काकांनी तो शेवटपर्यंत वाचला, मागचं पान उलटून तेही कोरं असल्याची खात्री केली, आणि कागद परत दिला.

“हे भिंतीवर होते. गाठी आमच्या देखत कापल्या. आणि धार नाही, कडा आठ मिलिमीटर आहे. याला धारदार म्हटलं तर आमच्या फॅक्टरीतली लाकडी पट्टीसुद्धा धारदार.”

“काका, ही आमची भाषा असते. रुटीन आहे. सही करा.”

“मी जे पाहिलं ते लिहा, आत्ता करतो.”

“नाही केलीत तर?”

“तर नाही केली.”

सबइन्स्पेक्टरनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं वळला. “तुम्ही करा. नोकरी कायम आहे का तुमची?” तो सहज म्हणाला की मुद्दाम, मला आजही सांगता येणार नाही. माझं लग्न होऊन सात महिने झाले होते. सगळे करतात, पाच मिनिटांचं काम, असं मनात म्हणत मी पेन घेतलं आणि एकही ओळ न वाचता सही केली. काका शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसरी सही नंतर एका टपरीवाल्याची घेतली, जो डोंगराच्या पायथ्याला आलाच नव्हता.

काकांनी मधल्या सुट्टीत आमच्या इन्स्पेक्शन रिपोर्टचा कोरा फॉर्म घेतला आणि त्यावर आपला वेगळा पंचनामा लिहिला. तीन रकाने केले: पाहिले, मोजले, पाहिले नाही. ‘पाहिले’मध्ये पाटे, खिळे, गाठी, हळद, ब्लेड, आणि अंगणात पडलेले बावीस दगड, एका शिपायाच्या कपाळाला बांधलेली पट्टी. ‘पाहिले नाही’मध्ये गोळीबार आणि दगडफेक. त्याच्या प्रती काढून त्यांनी कोर्टाला, चौकशी अधिकाऱ्याला आणि आणखी दोन मोठ्या साहेबांना रजिस्टर पोस्टानं पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत सशस्त्र पंथीयांच्या हल्ल्याची बातमी होती. कँटीनमध्ये एकानं ती मोठ्यानं वाचली. काकांनी ताटावरून मान वर केली. “तुम्ही हजर होता का?”

“मी नाही काका, पण पेपरात आलंय ना.”

“पेपर हजर होता का?”

त्या दिवशी कुणी हसलं नाही. “तुमाला काय परलंय त्यांचा?” महाप्याचा टर्नर म्हणाला. “तुमी तं त्यांना मानत पन नाय.”

“नाहीच मानत. बुवा लोकांना फसवत होते, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. पण पाटे भिंतीवर होते.” मग म्हणाले, “दीक्षा घेतलेली माणसं एकोणीस. पाच गेली, चौदा आत आहेत. करा बेरीज. सगळ्यांचे पाटे खिळ्याला होते, मग हल्ला केला कशानं?”

बेरीज बरोबर होती. तरी चौदा जणांना जामीन मिळाला नाही. सशस्त्र हल्ला, पंचनाम्यावर दोन सह्या. त्यांची पोरं कुठं नातेवाइकांकडं, कुठं अनाथाश्रमात गेली.

सहा महिन्यांनी सरकारी चौकशी लागली. आम्हा दोघांना बोलावणं आलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून, फॉर्मची प्रत घेऊन आले. सरकारतर्फे बोलणाऱ्या वकिलांनी आमच्या कंपनीत आधीच चौकशी करून ठेवली होती. त्यांनी पाट्यांबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

“तुम्ही वडा मोजून खाता, खरं आहे?”

“हो.”

“निरोपाच्या कार्डावर सही करायला नकार दिलात?”

“नकार नाही. मजकूर बदलला.”

लोक हसले. वकील म्हणाले, “लग्नाच्या नोंदीवर सही करतानाही रजिस्ट्रारला तासभर थांबवलंत म्हणे?”

“पाऊण तास. बायकोच्या वडिलांचं नाव चुकलं होतं.”

सगळं दालन हसलं. काका शांत उभे होते, कारण त्यांना विचारलेलं सगळं खरंच होतं. मग माझी पाळी आली. “ही सही तुमची?” वकिलांनी विचारलं. मी म्हणालो, “हो, माझीच आहे.” त्यापुढं बोलायला जागा होती. मी बोललो नाही.

अहवाल आला. गोळीबार समर्थनीय. काकांच्या बाबतीत एक ओळ: साक्षीदार विक्षिप्त स्वभावाचा असून त्याच्या कथनास कोणाचाही दुजोरा नाही. दुजोरा देणारा माणूस त्यांच्याबरोबर रोज सकाळी चालत कामावर जात होता. चौकशीच्या दिवशी परत येताना बसमध्ये काकांनी मला एवढंच विचारलं, “जेवलात का?”

मॅनेजरनं काकांना बोलावून ‘पोलिसांशी वाकडं नको’ असं समजावलं. त्यांची बढती अडवली. काका पहिल्यासारखे येत राहिले, माझं काम पुन्हा मोजत राहिले. पंथाचा वकील त्यांना भेटायला घरी आला तेव्हा मी तिथं होतो. तो म्हणाला, “तुमची साक्ष फार मोलाची आहे. फक्त ते दगडांचं तेवढं राहू द्या.”

“मग पाट्यांचंही राहू द्या,” काका म्हणाले.

“अहो, दगडांनी आपलीच बाजू कमजोर होते!”

“माझी बाजू नाही. मी पाहिलंय, एवढंच.” वकील तणतणत गेला. काकू आतून म्हणाल्या, “दोन्हीकडून शिव्या खायची हौस आहे यांना.” पण त्यांच्या आवाजात जो रुबाब होता तो मला नीट कळला.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. ठाण्याच्या कोर्टाचं समन्स मला आलं, सरकारी बाजूचा साक्षीदार म्हणून. काका नंतर, आरोपींच्या बाजूनं. सरकारी वकिलांच्या माणसानं मला बोलावून समजावलं, “पंचनामा तुमच्यासमोर झाला, सही तुमची. दोनदा ‘हो’ म्हणायचं, विषय संपला.” मॅनेजरनंही हाक मारून सांगितलं, की पुढच्या महिन्यात कायम करायच्या लोकांच्या यादीत माझं नाव आहे.

साक्षीच्या आधी चार दिवस दुपारी मी चाळीस शाफ्ट मोजले, रिपोर्टवर सही केली आणि नेहमीप्रमाणं काकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी रिपोर्ट वाचला. पेन काढलं. आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. शाफ्टना हातसुद्धा लावला नाही.

मला वाटलं ते विसरले. “काका, मोजायचे राहिले.”

“तुम्ही मोजलेत ना?”

“हो, पण…”

“मग झालं तर.” आणि त्यांनी दुसरा कागद पुढं ओढला.

ज्या माणसानं निरोपाच्या कार्डावर न वाचता सही केली नाही, त्यानं माझ्या सहीवर विसंबून सही केली. तेही सगळं माहीत असताना. मी माझ्या जागेवर जाऊन ते चाळीस शाफ्ट पुन्हा मोजले, एकही चुकलेला नसावा म्हणून. कुणी थोबाडीत मारली असती तरी मला एवढी लाज वाटली नसती. घरी जाऊन बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं, जीप, बॉनेट, ब्लेड, सही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आता काय म्हणणार आहेस?” मी सांगितलं. ती म्हणाली, “नोकऱ्या तुर्भ्यालाही मिळतात.”

कोर्टाच्या उघड्या दारात काका उभे होते. मी सरकारी वकिलांच्या पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणालो. सही माझी आहे. दुसऱ्या प्रश्नाला म्हणालो, “नाही साहेब. यात लिहिलंय तसं माझ्यासमोर काही झालं नाही. पाटे भिंतीवर टांगलेले होते. सगळे. गाठीवर हळद होती. दोऱ्या आमच्या देखत ब्लेडनं कापल्या. मी आकडे टिपले ती वही माझ्याकडं आहे.”

वकील माझ्यावर तुटून पडले. म्हणजे खोटं लिहिलेल्या कागदावर मी सही केली? हो. न वाचता? हो. मग चौकशीत गप्प का बसलो? घाबरलो म्हणून. आज कुणी पढवलं? शेवटी ते म्हणाले, “तुमचे हे वरिष्ठ, ज्यांच्याकडून तुम्ही शिकलात म्हणता, ते विक्षिप्त आहेत असं सगळी कंपनी सांगते. तुमचं काय मत?”

“विक्षिप्त आहेतच,” मी म्हणालो. “साडेतीन वर्षांत त्यांनी पास केलेला एक तुकडा कधी परत आलेला नाही.”

ते वाक्य मी घरून ठरवून गेलो नव्हतो. आपसूक तोंडातून गेलं, आणि ते म्हणताना माझी मान ताठ झाली हे मला अजून आठवतं.

पुढच्या तारखेला काकांची साक्ष झाली. दगडांसकट. या वेळी कुणी वडा काढला नाही. टपरीवाल्यानंही कबूल केलं की तो तिथं नव्हता. काही आठवड्यांनी निकाल लागला आणि चौदाही जण सुटले. सरकारच्या चौकशीचा अहवाल मात्र कुणी बदलला नाही. त्यात आजही सशस्त्र जमाव आहे आणि एक विक्षिप्त साक्षीदार आहे. गोळ्या झाडणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. मेलेली पाच माणसं मेली ती मेलीच. मला कंपनीनं पुढच्या ब्रेकनंतर घेतलं नाही, मी तुर्भ्याला लागलो. लोक विचारतात, एवढ्यानं काय फरक पडला? चौदा माणसांना विचारा, असं मी सांगतो.

सुटकेच्या दिवशी काका मला घेऊन ठाण्याच्या तुरुंगाबाहेर गेले. कळंबोलीच्या एका ट्रकवाल्यानं सुटणाऱ्यांना न्यायला टेम्पो पाठवला होता. एकेक जण बाहेर आला. दोन वर्षांत सगळे बारीक झालेले, डोळे उन्हानं मिटलेले. बुवांची बायको शेवटी आली. कुणीतरी तिला काका दाखवले. ती पाया पडायला वाकली तसे काका दोन पावलं मागं सरले. “पाया पडू नका. तुमच्या काविळीच्या उपायावर माझा अजून विश्वास नाही.”

ती पहिल्यांदा हसली. मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, “ह्ये कोन?”

मीच सांगितलं. “मी दुसरा पंच.”

तिचं हसू गेलं. “पयल्या कागदावर सही केली त्ये तुमीच?”

“हो.”

“तवा पाटे भितीवर बघितले व्हते तुमी?”

“हो.”

“मंग आमी दोन वर्सं कशापायी आत व्हतो?”

चौदा माणसं टेम्पोपाशी थांबून माझ्याकडं बघत होती. मला उत्तर माहीत होतं. काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. जीपपाशी उभे होते तसेच, पण या वेळी ते बोलले.

“यांच्या सहीपायी आत होतात,” ते म्हणाले. “आणि यांच्या साक्षीमुळं बाहेर आलात. दोन्ही खरं आहे. मी दोन्ही वेळेला हजर होतो.”

माझ्याबद्दल इतकं खरं आजवर दुसरं कुणी बोललेलं नाही. त्यात त्यांनी मला वाचवलं नाही आणि टाकलंही नाही. बाई आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघून वळली. मग टेम्पोत चढली, फळीवरचं आपलं बोचकं उचलून मांडीवर घेतलं आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात ठेवून मला म्हणाली, “या. बसा.”